मुलगी सॉफ्टबॉल खेळते, अमेरिकेत कॉलेज कसं निवडायचं? आधी मार्चचा आठवडा बघा

उन्हाळी टूर्नामेंट संपत आल्या की मला ओळखीच्या ओळखीतून फोन यायला लागतात. बहुतेक आपलेच मराठी आईबाबा, कोणी एडिसनचे, कोणी डॅलसजवळच्या फ्रिस्कोचे, कोणी बे एरियातले, मुलगी नववी-दहावीत, ट्रॅव्हल बॉल (शाळेबाहेरच्या क्लब टीमकडून सॉफ्टबॉल) खेळतेय, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, डी-वन मिळेल का हो?" (डी-वन, डी-टू, डी-थ्री हे इथल्या कॉलेज खेळांचे गट, खाली सांगते.) आपण सगळे क्रिकेट बघत मोठे झालो, आपल्या वेळी खेळ म्हणजे दहावी-बारावीला थोडे वाढीव गुण आणि पुढे सीईटी, कॅप राउंड, त्यामुळे इथली ही खेळ-आणि-कॉलेजची व्यवस्था डोक्यात बसायला वेळ लागतो, मलाही लागला. माझी लेक कॅचर, तिला केमिकल इंजिनियरिंग करायचं होतं, आणि ती आता डी-थ्री कॉलेजात दोन्ही करतेय. तिथवर पोचताना जे शिकलो ते क्रमाने सांगते, पण सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. कॉलेज निवडताना त्या टीमच्या मार्चमधल्या एका आठवड्यात तुमची मुलगी कशी जगेल, कधी झोपेल, कुठली लॅब बुडवेल, हे कागदावर मांडून बघा. डिव्हिजन, रँकिंग, टीमचं नाव हे सगळं त्यानंतर.

पायरी १: डिव्हिजन म्हणजे काय ते नीट समजून घ्या

एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्यात तीन डिव्हिजन. डी-वनमध्ये तीनशेच्या आसपास कॉलेजांच्या सॉफ्टबॉल टीम आहेत, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप असते, डी-टूमध्येही असते पण कमी, आणि डी-थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, तो नियमच आहे. आयव्ही लीगची कॉलेजं डी-वन आहेत पण खेळाची स्कॉलरशिप तिथेही नाही. याशिवाय एनएआयए म्हणून वेगळी संघटना आहे, लहान कॉलेजं, स्कॉलरशिप देतात, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची एनजेसीएए आहे, तिथून पुष्कळ मुली नंतर चार वर्षांच्या कॉलेजात जातात.

आता यात गैरसमज काय होतो की डी-वन म्हणजे पहिला नंबर, डी-थ्री म्हणजे तिसरा नंबर, असं आपण आपल्या रँकच्या सवयीने धरतो. एमआयटी डी-थ्री आहे. ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, अटलांटाची एमोरी, सगळी डी-थ्री, सगळीकडे सॉफ्टबॉल आहे. आणि खेळही हलका नाही, टफ्ट्सने २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन वर्षं डी-थ्रीची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली होती. उलट बाजूने बघितलं तर स्टॅनफर्ड, यूसीएलए, मिशिगन, नॉर्थवेस्टर्न, ड्यूक इथे अभ्यासही वरचा आणि सॉफ्टबॉलही अगदी वरचं, ड्यूकने तर २०१८ मध्ये टीम सुरू केली आणि २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीला विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे डी-वनची शेवटची मोठी स्पर्धा, खेळली. अशा ठिकाणी जागा फार थोड्या, आणि त्या जागांसाठी देशभरातल्या मुली लहानपणापासून तयारी करत असतात हे लक्षात ठेवा.

पायरी २: पहिली यादी सॉफ्टबॉल बाजूला ठेवून करा

मुलीला घेऊन बसा आणि वीस-पंचवीस कॉलेजं लिहा, जिथे ती फक्त विद्यार्थिनी म्हणून गेली तरी चार वर्षं आनंदाने शिकेल. विषय आहे का, शहर हवंय की छोटं गाव, थंडी चालेल का, घरापासून किती लांब, वर्गात तीनशे मुलं असली तर तिला चालतं का. हे तिने ठरवायचं, आपण प्रश्न विचारायचे. आमच्याकडे मी आणि बाबा दोघंही आपापली मतं आधीच बोलून बसलो होतो आणि लेकीने दोन आठवडे तोंड उघडलं नाही, मग आम्ही गप्प बसलो तेव्हा तिची खरी यादी बाहेर आली.

यादी झाली की मग प्रत्येक कॉलेजात व्हर्सिटी सॉफ्टबॉल, म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम, आहे का ते तपासा. हे गृहीत धरू नका. व्हँडरबिल्टचं बेसबॉल इतकं प्रसिद्ध पण मुलींची सॉफ्टबॉल टीम नाही, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातही नाही. अशी दोन-चार नावं यादीतून गळतात, गळू द्या, किंवा क्लब सॉफ्टबॉल चालणार असेल तर ठेवा.

मग त्याच यादीसमोर खेळाची पातळी लिहा, आणि इथे ट्रॅव्हल टीमच्या कोचला स्पष्ट विचारा की ही मुलगी आज कुठे बसते. आईबापाच्या डोळ्यांनी ते दिसत नाही, माझ्या तरी दिसलं नव्हतं. डी-वनच्या चांगल्या टीमच्या पिचर साधारण ताशी साठ मैलांच्या पुढे टाकतात, कॅचरचा पॉप टाइम (बॉल पकडून सेकंड बेसला पोचवायला लागणारा वेळ) स्टॉपवॉचवर बघतात, लेफ्टी स्लॅपर (धावत धावत मारणारी डावखुरी बॅटर) असेल तर होम टू फर्स्ट किती सेकंद ते बघतात. हे आकडे मोजून ठेवा, दर सहा महिन्यांनी परत मोजा. आणि तुमच्या यादीतल्या टीमची एक तरी मॅच जाऊन बघा, डी-थ्रीची मॅच बघायला तर बहुतेक ठिकाणी तिकीटही नसतं, लेकीला शेजारी बसवा आणि विचारा, इथे तू आज उतरलीस तर टिकशील का. मुली अगदी प्रामाणिक उत्तर देतात.

पायरी ३: मार्चचा आठवडा

आता मुख्य काम. कॉलेजच्या ॲथलेटिक्स साइटवर टीमचं गेल्या वर्षीचं पूर्ण शेड्यूल असतं, ते उघडा, मार्च शोधा आणि एक आठवडा वहीत उतरवून काढा. सोमवार ते रविवार, सकाळी आठ ते रात्री अकरा.

सॉफ्टबॉल स्प्रिंगचा खेळ आहे. डी-वनचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि एका टीमला ५६ मॅचपर्यंत खेळता येतात. उत्तरेकडच्या टीमच्या मैदानावर तेव्हा बर्फ असतो म्हणून पहिले चार-पाच आठवडे त्या दर वीकेंडला फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोना, कॅलिफोर्निया इथे जाऊन खेळतात. म्हणजे गुरुवारी विमान, शुक्रवार-शनिवार-रविवार मॅच, कधी दिवसाला दोन, रविवारी रात्री उशिरा परत, सोमवारी सकाळी नऊला लेक्चर. मग कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी, मॅच सुरू, वीकेंडला तीन मॅचची सिरीज आणि मध्येच मंगळवार-बुधवारी एखादी मॅच. नियम असा आहे की सीझनमध्ये आठवड्याला २० तासांच्या वर सक्तीची प्रॅक्टिस आणि मॅच नको, पण मॅचचा दिवस कितीही लांबला तरी तो ३ तासच धरतात, आणि प्रवासाचे तास त्या २० मध्ये येतच नाहीत, ट्रेनरकडे बर्फ लावून बसायचा वेळही नाही. त्यामुळे कोच "ट्वेंटी अवर्स" म्हणाले की तुम्ही वहीत प्रवास आणि उपचार वेगळे मिळवा.

गेल्या काही वर्षांत कॉन्फरन्स बदलल्या तेही बघा. २०२४ पासून यूसीएलए बिग टेनमध्ये आहे, म्हणजे लॉस एंजेलिसच्या टीमला रटगर्ससारख्या न्यू जर्सीच्या टीमशी एकाच कॉन्फरन्समध्ये खेळायचंय. स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीमध्ये गेलेत, त्यांचे प्रतिस्पर्धी ईस्ट कोस्टला. तीन तासांचा टाइम झोन बदलून परत येऊन मिडटर्म द्यायची याचा विचार करा. नाव तेच, शहर तेच, पण मुलीचा आठवडा बदलला.

सेमिस्टर की क्वार्टर हाही प्रश्न कुणी विचारत नाही आणि तो फार मोठा आहे. यूसीएलए, स्टॅनफर्ड, नॉर्थवेस्टर्न क्वार्टरवर चालतात, तिथे विंटर क्वार्टरच्या फायनल मार्चच्या मध्याला येतात, ऐन सीझनमध्ये, मग लगेच नवा क्वार्टर, नवे विषय, आणि स्प्रिंगच्या फायनल जूनमध्ये. बर्कली सेमिस्टरवर आहे, तिथे फायनल मेमध्ये, म्हणजे पोस्टसीझनच्या तोंडावर. चांगलं-वाईट असं काही नाही, पण तुमच्या मुलीला दहा आठवड्यांत विषय संपवायची सवय जमेल का हे तिला आधी कळायला हवं.

डी-थ्रीत ४० मॅच, आणि बहुतेक प्रवास बसचा. न्यू इंग्लंडच्या टीम स्प्रिंग ब्रेकमध्ये फ्लोरिडाला क्लेरमाँटसारख्या ठिकाणी जाऊन आठवड्याभरात दहा-बारा मॅच खेळून येतात, त्यात क्लास बुडत नाही पण स्प्रिंग ब्रेकला घरी येणंही नाही, आजी-आजोबा भारतातून त्याच महिन्यात आले तर भेट फ्लोरिडाच्या बाकड्यावर. सगळं डी-थ्री बसवर चालतं असंही नाही, एमोरी, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, केस वेस्टर्न, एनवाययू, ब्रँडाइस यांची कॉन्फरन्स एकच आहे आणि नकाशावर बघितलंत तर कळेल की अटलांटा ते बॉस्टन बसने होत नाही.

आता याच आठवड्यावर विषय ठेवा. नर्सिंगला क्लिनिकल असतं, हॉस्पिटलमध्ये ठरलेल्या दिवशी ठरलेले तास, ते हलत नाहीत. इंजिनियरिंग आणि प्री-मेडच्या लॅब दुपारी एक ते चार-पाच, आणि प्रॅक्टिस बऱ्याच ठिकाणी तीनला सुरू. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब स्प्रिंगमध्येच असेल तर काय करायचं? याला कोचचं उत्तर "आम्ही ॲडजस्ट करतो" असं आलं तर तिथे थांबू नका. एका डी-वन कोचनी आम्हाला अगदी मनापासून सांगितलं होतं की आमच्याकडे इंजिनियर मुली खेळतात. घरी येऊन रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, उघडलं, बऱ्याच टीम प्रत्येक खेळाडूसमोर तिचा मेजर लिहितात, तर चार वर्षांच्या रोस्टरमध्ये इंजिनियरिंगची एकच मुलगी, आणि दुसऱ्या वर्षी तिच्या नावापुढे बिझनेस लिहिलेलं. कोच खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही, पण आम्हाला जे हवं होतं ते तिथे कुणी पूर्ण केलेलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मागची चार-पाच वर्षांची रोस्टर काढा आणि तुमच्या मुलीचा विषय घेऊन पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत टिकलेली एक तरी मुलगी शोधा. सापडली की तिच्याशी बोलायला द्या अशी कोचना विनंती करा, आनंदाने देतात. परदेशात एक सेमिस्टर शिकायचं स्वप्न असेल तर तेही विचारा, स्प्रिंगमध्ये ते जवळजवळ अशक्य, फॉल किंवा समरमध्ये कुठे कुठे जमतं.

पायरी ४: नववीपासूनच्या विषयांचा हिशोब

डी-वन आणि डी-टूसाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नाव नोंदवावं लागतं आणि हायस्कूलचे १६ कोअर कोर्स लागतात. डी-वनसाठी ४ वर्षं इंग्लिश, ३ वर्षं मॅथ्स अल्जेब्रा वन किंवा त्यावरचं, २ वर्षं सायन्स, वगैरे. १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, त्यातले ७ इंग्लिश-मॅथ्स-सायन्सचे. कोअर जीपीए डी-वनला किमान २.३, डी-टूला २.२. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली, पण कॉलेजची स्वतःची अट वेगळी, एमआयटीला एसएटी किंवा एसीटी लागतेच.

आपल्या मुलींना २.३ ची काळजी नसते हो, पण अडकायचं ठिकाण वेगळंच असतं, एखादा ऑनलाइन कोर्स किंवा उन्हाळ्यात पटकन केलेला कोर्स शाळेच्या मान्य यादीत नसतो आणि तो धरत नाहीत. शाळेच्या काउन्सेलरकडून नववीतच ती यादी मागून घ्या. डी-थ्रीला हे सर्टिफिकेशन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना लागत नाही, तिथे सरळ ॲडमिशन ऑफिस बघतं, आणि ते बघणं जास्त कडक असतं.

पायरी ५: कोचशी बोलणं कधी, कसं

डी-वन सॉफ्टबॉलचे कोच ज्युनियर इयरच्या, म्हणजे अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी रिक्रूटिंगचं काहीही बोलू शकत नाहीत. २०१८ मध्ये हा नियम आला, त्याआधी आठवीतल्या मुलींना तोंडी ऑफर जायच्या. त्या तारखेआधी मुलीने ईमेल पाठवायला हरकत नाही, उत्तर आलं नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नका, त्यांना देताच येत नाही. कॅम्पची माहिती तेवढी पाठवता येते. डी-टूला दहावी संपल्यावर १५ जूनपासून बोलता येतं. डी-थ्रीचे कोच कधीही बोलू शकतात, पण त्यांचं खरं काम अकरावीच्या उन्हाळ्यात जोरात चालतं.

ईमेल मुलीने लिहायचा. आईने लिहिलेला ईमेल कोचना दोन ओळींत कळतो. त्यात ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, जीपीए, कोणता विषय शिकायचाय, याच कॉलेजात का, पुढच्या टूर्नामेंटचं शेड्यूल आणि मैदान नंबर, आणि व्हिडिओची लिंक. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, गाणी नकोत, पहिल्या वीस सेकंदांत तिची सगळ्यात चांगली गोष्ट. कॅचर असेल तर थ्रो-डाउन आणि ब्लॉकिंग, शॉर्टस्टॉप असेल तर दोन्ही बाजूचे ग्राउंडर आणि फर्स्टला थ्रो, एडिट न केलेले.

कॅम्पबद्दल एक सांगते कारण यात पैसा फार जातो. "आम्ही तुला आमच्या कॅम्पला आमंत्रित करतोय" असा ईमेल शेकडो मुलींना जातो, तो रस दाखवणं नव्हे. ईमेलमध्ये तिच्या एखाद्या मॅचचा, एखाद्या प्लेचा उल्लेख असेल, किंवा कोच तिच्या मैदानावर स्वतः येऊन उभ्या राहिल्या असतील, तर जा. नाहीतर कॅम्प फक्त यादीतल्या वरच्या चार-पाच कॉलेजांचे करा. आम्ही एका रिक्रूटिंग सर्व्हिसला मोठी रक्कम भरली, त्यांनी दोनशे कोचना एकसारखा ईमेल पाठवला, त्यातून काहीच आलं नाही, जे आलं ते लेकीने स्वतः रात्री बसून लिहिलेल्या पंधरा ईमेलमधून आलं.

पायरी ६: पैसे, आणि व्हिसा

डी-वनमध्ये पूर्वी एका टीमला जास्तीत जास्त १२ स्कॉलरशिप होत्या आणि कोच त्या वीसेक मुलींत तुकडे करून वाटायचे, म्हणून बहुतेकींना अर्धी, पाव अशी मिळायची. जून २०२५ मध्ये हाऊस सेटलमेंट नावाची कोर्टातली तडजोड मंजूर झाली आणि ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली, त्याऐवजी रोस्टरची मर्यादा आली, सॉफ्टबॉलला २५ खेळाडू. म्हणजे २५ च्या २५ मुलींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण देता येते आणि देतात यात फरक आहे, पैसे कॉलेजने घालायचे असतात. त्यामुळे कोचना सरळ विचारा, तुमचं कॉलेज सेटलमेंटमध्ये आहे का, सॉफ्टबॉलला एकूण किती स्कॉलरशिपचे पैसे दिलेत, आणि माझ्या मुलीची रक्कम पहिल्या वर्षी किती, चौथ्या वर्षी किती. आणि २५ ची मर्यादा म्हणजे पूर्वीसारखं "ये, वॉक-ऑन म्हणून बघू" (म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये) म्हणणं आता कमी झालंय हेही धरा.

डी-थ्रीत खेळाचे पैसे नसले तरी मेरिट एड (गुणवत्तेवर मदत) आणि गरजेप्रमाणे मदत असते. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, पगार-बचत टाकून तो आकडा काढा, मग डी-वनच्या तीस टक्के स्कॉलरशिपशेजारी ठेवा. कितीतरी घरांत डी-थ्रीचा आकडा कमी निघतो. ॲमहर्स्ट, विल्यम्ससारखी कॉलेजं मेरिट देत नाहीत, फक्त गरज बघतात, त्यामुळे दोघांचा आयटीतला पगार असेल तर तिथे फारसं काही मिळायचं नाही, हे आधीच स्वीकारून यादी करा. खेळाच्या स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, फी आणि पुस्तकांचा नसतो, एवढंही लक्षात असू द्या.

आता ज्या गोष्टीवर इथल्या बाकीच्या पालकांशी बोलताना काहीच उत्तर मिळत नाही ती, एच-४, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा. आपल्यातल्या कितीतरी मुली इथेच वाढल्या पण ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय. एच-४ वर फेडरल सरकारची मदत, म्हणजे फाफ्सा नावाच्या अर्जावर मिळणारी, मिळत नाही. खेळाची स्कॉलरशिप मात्र कॉलेजची असते, ती घेता येते. इन-स्टेट फी काही राज्यांत एच-४ ला मिळते, काहींत अटी असतात, प्रत्येक कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा. वयाची २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, हे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी येतं, तोवर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून घ्यावा लागतो आणि त्याची तयारी सहा-आठ महिने आधीपासून. एनआयएलचे पैसे, म्हणजे मुलीच्या नावा-फोटोवर मिळणारे, एच-४ आणि एफ-१ वर धोक्याचे, कारण ते काम धरलं जाऊ शकतं. दुकानाची छोटी जाहिरात असली तरी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय मुलीला सही करू देऊ नका. एमआयटी, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी नागरिक मुलांचाही अर्ज पैशाची गरज न बघता घेतात आणि गरज पूर्ण भागवतात, तिघांकडे सॉफ्टबॉल आहे, आपल्या घरांनी ही नावं नक्की बघावीत.

पायरी ७: भेट द्या आणि रोस्टर वाचा

भेटीला शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, ऑक्टोबरमध्ये सगळी कॉलेजं सुंदर दिसतात. मुलींबरोबर रात्री राहू द्या, तुम्ही हॉटेलवर राहा. तिला सांगून ठेवा की तीन गोष्टी बघून ये, प्रॅक्टिस संपल्यावर मुली एकमेकींशी कशा बोलतात, चूक झाली की कोच काय बोलतात, आणि बसमध्ये कोण अभ्यास करतं. जेवणाचंही बघा, शाकाहारी मुलगी असेल तर रोड ट्रिपला टीम काय खायला देते ते विचारायला लाजू नका, माझ्या लेकीने पहिला महिना चीज पिझ्झ्यावर काढला मग ट्रेनरबाईंनी स्वतः लक्ष घातलं.

रोस्टर वाचताना तुमच्या मुलीच्या पोझिशनला कोण कोणत्या वर्षाला आहे ते लिहा. ती जाईल त्या वर्षी दोन कॅचर दुसऱ्या वर्षाला असतील तर तिसरी कधी खेळणार? आणि यात ट्रान्सफर पोर्टल आलंय, २०१८ पासून, आता मुली एक वर्षही न बसता कॉलेज बदलू शकतात. निजारी कॅनडीसारखी पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली आणि त्या टीमला २०२५ च्या फायनलपर्यंत घेऊन गेली. मोठे कोच हायस्कूलच्या मुलीऐवजी दोन वर्षं कॉलेज खेळलेली मुलगी घेतात. म्हणून विचारा, गेल्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती आल्या, किती गेल्या. उत्तर देताना कोच अवघडल्या तर तेही उत्तरच.

दुखापतीचं विचारा. ऑगस्ट २०२४ पासून डी-वनमध्ये खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यानंतरही किमान दोन वर्षं कॉलेजने द्यायचा आहे, आणि खेळ कमी पडला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही. डी-थ्रीत हे नाही, तिथे तुमचा स्वतःचा इन्शुरन्स आधी लागतो, डिडक्टिबल बघून ठेवा. कॅचरचे गुडघे आणि पिचरचे खांदे, दोन्हींचं मला फार वाटतं.

पायरी ८: ऑफर, प्री-रीड, आणि शेवटचे कागद

डी-वन, डी-टूत तोंडी ऑफर म्हणजे शब्द, कागद नव्हे. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (कॉलेज पक्कं केल्याचा सहीचा कागद) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा करार असतो, तो ओळन् ओळ वाचा, किती वर्षांचा, कोणत्या अटीवर कमी होतो. घाई करायला लावली तर दोन दिवस मागून घ्या, देतात.

डी-थ्रीची रीत वेगळी आहे. अकरावी संपल्यावर जुलैच्या सुमाराला कोच ट्रान्सक्रिप्ट, स्कोअर, बारावीचे विषय मागतात आणि ॲडमिशन ऑफिसकडून आधीच वाचून घेतात, याला प्री-रीड म्हणतात. उत्तर चांगलं आलं की कोच म्हणतात, अर्ली डिसिजन टाक, मी पाठिंबा देईन. अर्ली डिसिजन बांधून टाकतं, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, म्हणून पैशाचा प्री-रीडही त्याच वेळी मागा, बरीच कॉलेजं देतात. कोचना एक प्रश्न नक्की विचारा, तुमचा पाठिंबा असलेल्या किती मुली गेल्या वर्षी नाकारल्या गेल्या. आयव्हीत ऑक्टोबरपासून लाइकली लेटर (प्रवेश बहुधा मिळेल असं कॉलेजचं पत्र) येऊ शकतं, ते हातात येईपर्यंत बाकीचे अर्ज चालू ठेवा.

ठरलं की ज्या ज्या कोचनी वेळ दिला त्यांना लेकीने स्वतः आभाराचा ईमेल पाठवायचा, त्यांची यादी मोकळी होते आणि दुसऱ्या एखाद्या मुलीला फोन जातो. बारावीचं दुसरं सेमिस्टर सोडू नका, शेवटचं ट्रान्सक्रिप्टही वाचतात. डी-वन, डी-टूला जाणार असाल तर १ एप्रिलनंतर एलिजिबिलिटी सेंटरच्या खात्यात जाऊन अमॅच्युरिझमची (ती व्यावसायिक खेळाडू नाही याची) फायनल विनंती टाकायची असते, ते बटण तिचं तिलाच दाबावं लागतं, आणि ग्रॅज्युएशन झाल्यावर शाळेने शेवटचं ट्रान्सक्रिप्ट पाठवलं का ते जूनमध्ये फोन करून विचारा, कारण शाळेचं ऑफिस जुलैत अर्धं बंद असतं.